मिटल्या ओठांची नन

लहानपणी आमच्या शाळेच्या भिंतीपलीकडे कॉन्व्हेंट होतं. आमचा कवितेचा तास चाललेला असतानाच तिकडून पायपेटीचे सूर आणि नन्सचं गाणं ऐकू यायचं. माझी मोठी बहीण, ताई, आमच्या कविता त्या चालीवर म्हणून दाखवायची. म्हणूनच बडोद्यात राहून निम्मा गुजराती झालेल्या बालमित्र मधूने फोन केला, "गाणाऱ्या नन्सचं एक चित्र लागलंय इथं, ये ने," तेव्हा मी आधी ताईला विचारलं. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा आवाज कुजबुजीएवढाच उरलाय. गुरुवारचं भजनी मंडळ सोडून ती घरात बसलीय.

"तूच जा," ती म्हणाली. "मला गाणारी माणसं बघवत नाहीत."

जळगावहून सुरत, तिथे गाडी बदलून बडोदे. उतरल्या उतरल्या मधूने शेवउसळीच्या गाडीवर नेलं. डोळ्यांतून पाणी येतं, तरी चुकवू नका. कलादालन सयाजीगंजातच, स्टेशनवरून रमतगमत पोचता येतं. सकाळी जा, गर्दी नसते.

चित्रात एक नन पेटीवर, एकीच्या हातात व्हायोलिन, बाकीच्या तल्लीन होऊन गाताहेत. एकीचेच ओठ मिटलेले. हात शेजारणीच्या खांद्यावर.

"बेसूर असेल. गप्प उभं केलंय," मधूचा निकाल.

पलीकडची कॉलेजातली मुलगी हसली. "नाही हो काका, तिची ओळ यायची असेल अजून."

मी पुन्हा पाहिलं. खांद्यावरचं एक बोट किंचित उचललेलं होतं. ताईच्या भजनी मंडळात नवखीची लय सुटू लागली की जुनी बाई तिच्या खांद्यावर असाच बोटाने ठेका देते. गाणं थांबत नाही, कुणाला कळतही नाही. मी हे मधूला सांगितलं.

"बस कर ने," मधू वैतागला. "शाळेतही कवितेत नसलेलं शोधायचास. चाल, जेवायला."

परतल्यावर ताईच्या घरी जाऊन मोबाइलवरचा फोटो दाखवला, बोटाचंही सांगितलं. तिने चष्मा वर करून पाहिलं आणि मोबाइल परत दिला. "मला बरं वाटावं म्हणून दिसलं तुला ते."

असेलही. चित्रकाराला आमची भजनं कुठून ठाऊक? बोट खरंच उचललेलं होतं, की मला तसं हवं होतं? प्रवासातून हा एक प्रश्न तेवढा घरी आलाय.

आज गुरुवार. हे लिहीत असतानाच बेल वाजली. दूधवाला असेल म्हणून दार उघडलं, तर ताई! ठेवणीतलं लुगडं नेसलेली, दोन गल्ल्या चालून धाप लागलेली.

"मी गाणार नाही," ती कुजबुजली. "पण त्या बायका हल्ली लय फार पळवतात म्हणे. चप्पल घाल, सोबत चल."