अण्णांचा कापलेला ‘वा’

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचतोय. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला माणूस. घरात कुठून आवाज आला की मी आधी वायर तपासतो. तेव्हा खालचं वाचून तुम्ही मला हसलात तर तो तुमचा हक्कच आहे… पण घडलं ते घडलं.

२००१ सालची गोष्ट. नाशिकला पंचवटीत, मखमलाबाद नाक्याजवळ आमचं दोन खोल्यांचं घर. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो. त्या वर्षी सेकंडहँड का होईना, पण एक वर्कस्टेशन, म्हणजे रेकॉर्डिंगची सोय असलेला कीबोर्ड, घेतलं. त्यात माइकवरून बाहेरचा कुठलाही आवाज भरता यायचा आणि मग तोच आवाज पट्ट्यांवर पसरवून वाजवता यायचा. याला सॅम्पल करणं म्हणतात.

माझे वडील, अण्णा, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. कान असा, की शेजारच्यांचा कुकर कुठल्या सुरात शिट्टी देतो तेही सांगतील. मी आठ वर्षांचा होतो तेव्हापासून त्यांच्यासमोर वाजवत आलो आणि कायम एकच शेरा मिळाला — “ठीक.”

आणि हा निवृत्ती! आमच्या ऑर्केस्ट्रातला सनईवाला. घरची फुलशेती. सकाळी झेंडूच्या गोण्या बाजारात टाकून तसाच मळक्या शर्टात आमच्याकडे तालमीला यायचा, तोही उशिरा. नोटेशन म्हणजे काय ते माहीत नाही. पण सनई ओठाला लावली की अण्णा मांडीवर थाप मारून म्हणायचे, “वा!” माझ्याच घरात, माझ्याच देखत. हेवा वगैरे सभ्य शब्द कशाला वापरू… जळायचो मी त्याच्यावर.

म्हणून मी ठरवलं, याची सनई एकदाची मशीनमध्ये भरायची. मग याची गरजच काय? त्याला मात्र सांगितलं, “आठवण म्हणून तुझे सूर भरून ठेवू.” तो बिचारा खूश.

एका रविवारी दुपारी पंखा बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या. सॅम्पलला सुटे सूर लागतात. एक सूर सरळ धरायचा, त्यात ना हरकत घ्यायची, ना मींड. निवृत्तीला ते पटेना.

“सुटा सूर कसा द्यायचा भाऊ? हारातलं एकच फूल ओढून काढल्यावाणी वाटतं.”

“तू फक्त धर. मी हात खाली करेपर्यंत सोडू नकोस.”

त्याने सा लावला. मी हेडफोन लावून, हात वर करून, डोळे मिटून ऐकत होतो. अण्णा मागे खुर्चीत होते. मी हात खाली केला, सूर थांबला, आणि मागून आलं — “वा!”

एका सुट्या सा ला! माझी तीस वर्षं ‘ठीक’ आणि याच्या एका सा ला ‘वा’! “अण्णा, रेकॉर्डिंग चालू आहे!” मी खेकसलो. तो ‘वा’ सॅम्पलच्या शेपटाला भरला गेला होता.

संध्याकाळी एकटा बसून मी तो कापला. सूर संपतो तिथे खूण आणली आणि ट्रंकेट, म्हणजे खुणेपुढचं कापून टाकायचं बटण, दाबलं. मशीनने स्क्रीनवर विचारलं, ‘आर यू शुअर?’ मी यस दाबलं. मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण फार बरं वाटलं. मग उरलेलं सगळं फ्लॉपीवर सेव्ह केलं.

त्या सीझनला सनई मी कीबोर्डवरच वाजवली. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी निवृत्तीला बोलावणं बंद केलं. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. अण्णांना मी ती सनई एकदा मोठ्या हौसेने ऐकवली. “ठीक,” म्हणाले. दोन वर्षांनी ते गेले.

वर्षश्राद्धाला निवृत्ती आला, शेवंतीचा हार घेऊन. फोटोला हार घातला, जेवला, आणि मग कोपऱ्यातल्या कीबोर्डकडे बघत म्हणाला, “भाऊ, तुमच्या ह्या पेटीत मी किती हाय, बघू तरी एकदा.”

नाही कसं म्हणणार? फ्लॉपी टाकून सनई लोड केली आणि खिडकीशी जाऊन पाठ फिरवून उभा राहिलो. त्याचं तोंड बघायची हिंमत नव्हती. त्याने एका बोटाने कुठलीशी पट्टी दाबून धरली आणि सोडली.

“वा!”

स्वयंपाकघरातून बायको ओल्या हातांनीच बाहेर आली. “अण्णांसारखं कोण बोललं?”

मी वळलो. निवृत्तीचं बोट वरच्या गंधारावर होतं. आता हे नीट समजून घ्या — सॅम्पल वरच्या पट्टीवर वाजवलं की त्यातला माणसाचा आवाज बारीक आणि घाईचा होतो, खालच्या पट्टीवर घोगरा होतो. मशीनचा नियमच आहे तो. पण हा आवाज अण्णांचा होता. जसाच्या तसा, खुर्चीतून यायचा तसा.

त्याला बाजूला करून मी तीच पट्टी दाबली. नुसती सनई. सगळ्या पट्ट्या दाबल्या. नुसती सनई. मशीन बंद केलं की त्याची मेमरी पुसली जाते, म्हणून बंद करून पुन्हा लोड केलं. सॅम्पल शेवटपर्यंत तपासलं. जिथे कापलं होतं तिथेच संपत होतं, पुढे काहीच नव्हतं.

“झालं समाधान?” मी त्याच्यावरच चिडलो. “गेल्यावरसुद्धा तुलाच दाद देतात!”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “मला? मला कुठं भाऊ? मी तर नुसता सा धरलेला, माझं मलाच बोर वाटत व्हतं. त्या दिशी अण्णा तुमच्याकडं बघत व्हते. तुम्ही डोळं मिटून, हात वर धरून ऐकत व्हते ना, तवा. मी समोरच व्हतो, मला दिसत व्हतं.” आणि मग म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला ठावं हाय.”

बायको पदराला हात पुसत आत गेली.

आता या गोष्टीला वीसेक वर्षं होत आली. वर्कस्टेशन अजून चालू आहे. लग्नांत आम्ही पुन्हा निवृत्तीलाच बोलवायला लागलो, तो आजही उशिराच येतो. तो आवाज पुन्हा आला नाही — ना त्याच्या बोटाखाली, ना माझ्या. कुणी म्हणतं, तुम्हाला दोघांना आणि वहिनींना भास झाला. होऊ शकतो.

तो ‘वा’ नक्की कुणाला होता, हे रेकॉर्डिंग ऐकूनही कळलं नसतं म्हणा. पण ‘तो तुमचाच व्हता भाऊ’ असं निवृत्ती आजही छातीवर हात ठेवून सांगतो. आणि असेल माझा… तरी आला त्याच्या बोटाखाली. मी अजून जळतो.