धरणावरच्या क्लबातलं चूलबंद आवतन

कुणाच्या अंगात आलं की मी आधी विचारते, "सकाळपासून पोटात काही गेलंय का तुझ्या?" आमच्या देऊळघाटात मला फटकळ म्हणतात ते काही उगाच नाही. भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदरसुद्धा मी दुपारी लोळता लोळता, लोकांना हसायला म्हणून वाचते... आणि आज त्याच सदरासाठी लिहायला बसलेय. आधीच सांगते, घाबरण्याची गोष्ट नाही ही. त्या दिवशी मला भीती वाटलीच नाही. लाज वाटली, आणि ती अजून जात नाही.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी पमी, तिचं नागपूरच्या एका इंजिनियर मुलाशी जमलं. बहीण-भाऊजी म्हणजे मळ्यात वांगी-टमाटे करणारी माणसं, एवढं मोठं स्थळ आमच्या घरात पहिल्यांदाच येत होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मळ्यातच करायचं ठरलेलं, आवतनं द्यायलाही सुरुवात झालेली. आणि मध्येच विहीणबाईंचा निरोप आला — मळ्यात माशा असतील, शेणाचा वास येईल, तुमच्याकडे धरणावर नवा क्लब निघालाय म्हणे, तिथे करा. 'कराल का' नाही बरं, 'करा'!

बहीण रडकुंडीला आली. नाही म्हटलं तर स्थळ हातचं जाणार, आणि हो म्हणावं तर क्लब म्हणजे काय हे घरात कुणालाच ठाऊक नाही. भाऊजी मला म्हणाले, "शांता, तूच जाऊन पाहून ये. तुह्यं तोंड चालते." पमी हट्टानं माझ्याबरोबर निघाली. वाटेत मोताळ्याला आवतनं द्यायची होती म्हणून कुंकवाची कोयरी आणि अक्षता पिशवीत घेतल्या.

धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बुलढाण्याहून मलकापूरच्या एसटीनं राजूरचा घाट उतरायचा, पुढं एका फाट्यावर उतरून पायी जायचं. धरण नवं होतं, भिंतीचे दगडसुद्धा अजून काळे पडले नव्हते. त्याच्या काठावर मुंबईच्या कुणा हौशी माणसानं हा थाट मांडला होता. कडक इस्त्रीची पांढरी पँट घातलेला मॅनेजर आम्हाला सामोरा आला आणि हात पसरून म्हणाला, "या, हा आमचा बीच!"

"अन् समुद्र कुठाय?" मी विचारलं. पमीनं मला चिमटा काढला.

पण पाहायला आले होते, तर नीट पाहिलं मी. पूर्णेच्या पात्रातली वाळू ट्रकनं आणून काठावर पसरलेली. चैत्राच्या उन्हात ती अशी तापलेली की चप्पल काढायची सोय नाही. नारळाची झाडं इकडं कुठली मिळायला, म्हणून शिंदीची झाडं मुळासकट आणून रोवली होती, त्यातली निम्मी वाळून चाललेली. रंगीत छत्र्या, त्याखाली वेताच्या ऐसपैस खुर्च्या. नऊवारी नेसून त्यात बसलं की उठवायला माणूस बोलवावा लागेल अशा! मी एकीत बसून पाहिलं आणि पमीनंच मला ओढून काढलं. मोरीत साखळी ओढून पाहिली तर वरून धो धो पाणी, अर्धी भिजले. पण जागा कशी आहे हे मी मोरी आणि भटारखाना पाहून ठरवत असते, आणि दोन्ही खरंच चांगले होते. स्वच्छ मोरी, मागच्या अंगाला मोठाल्या भट्ट्या, वाऱ्याची बाजू बरोबर धरलेली. विहीणबाईंना नाव ठेवायला जागा नव्हती.

"आणि गेटवर माणूस असतो," मॅनेजर म्हणाला. "आजूबाजूची खेडवळ मंडळी आत येणार नाहीत. तेवढी काळजी आम्ही घेतो." मला ते टोचलं खरं, पण मी मान हलवली.

पमी धरणातल्या नावा पाहायला गेली. मी काठाकाठानं, जिथं क्लबाच्या हद्दीचा दोर संपतो तिथवर गेले. भर दुपार होती. दोराच्या पलीकडं घोटाभर पाण्यात एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, कासोटा घातलेला, कपाळावरचं कुंकू पुसट झालेलं.

"काय कार्य आहे व बाई इथं?" तिनं विचारलं.

"साक्षगंध आहे, माय. माह्या भाचीचं."

"आमच्या गावात?"

"कोणतं गाव तुमचं?"

"सावळदरा." तिनं पाण्याकडं हात केला. मला वाटलं, पलीकडच्या काठावरचं कुठलं तरी गाव असेल. "गावात कार्य, अन् गावाले आवतन नाई?" ती हसतच म्हणाली, पण मला ते लागलं. आमच्या घराला कुणी कद्रू म्हटलेलं मला खपत नाही.

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात जेवणाचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक, घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद — म्हणजे लेकराबाळांसकट सगळ्या घरानं यायचं, त्या दिवशी तुमची चूल पेटायची नाही. मोठ्या मानाचं आवतन ते, उगाच कुणी कुणाला देत नाही.

मी मात्र दिलं. कोयरी काढली, तिला कुंकू लावलं, पदरात अक्षता टाकल्या. "चूलबंद आवतन आहे बरं, माय. साऱ्या सावळदऱ्याले."

"साऱ्या गावाले?"

"हाव, साऱ्या गावाले! त्या दिवशी एकबी चूल पेटू देऊ नका."

शेवटचं वाक्य तर मी निव्वळ थाटासाठी टाकलं. मनात म्हटलं, येतंय कोण, आणि आलंच तर गेटवर माणूस आहेच. तिनं अक्षता पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली. एवढ्या उन्हात उभी असून तिचं कपाळ माझ्या बोटाला गार लागलं होतं. पाण्यात उभी आहे म्हणून असेल, असं मला वाटलं.

वळले तर मागं पमी. "मावशी, खरंच साऱ्या गावाले बोलावलं तू?"

"अवं, असं तोंडदेखलं म्हणायचं असते. चाल, गाडी चुकन."

साक्षगंधाच्या दिवशी सगळं कसं छान चाललं होतं. नागपूरची मंडळी मोटारींतून आली, विहीणबाई छत्रीखाली बसून चक्क हसल्या, लाउडस्पीकर लागला. पमी शालूत अशी दिसत होती की माझी बहीण कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आली. कुंकू लागलं, ओटी भरली, साखरेचा पुडा हातात पडला. आता जेवणं झाली की सुटलो!

तेवढ्यात आमचा आचारी नामदेव मला भटारखान्यात बोलावून घेऊन गेला. घामानं निथळत होता. "काकू, भट्टी पेटून नाई राह्यली."

"म्हणजे काय? घासलेट टाक!"

"बाटलीभर टाकलं न! काडी पेटते, भडका होते, अन् विझते. पऱ्हाटी वाळून कोळ झाली आहे, तरी धरत नाई."

मी स्वतः बसले. पदर खोचून कापसाची वाळकी पऱ्हाटी रचली, फुंकून फुंकून डोळे लाल केले. काही नाही. मॅनेजरनं आपला स्टोव्ह आणला, पंप मारून मारून त्याच्या पँटची इस्त्री मोडली, पण स्टोव्हही पेटेना. आणि ऐका... त्याच काडीपेटीतल्या काडीनं नामदेवनं बिडी शिलगावली, ती मात्र मस्त पेटली! तो माझ्याकडं पाहायला लागला, मी त्याच्याकडं.

बाहेर विहीणबाईंनी घड्याळ पाहायला सुरुवात केली होती. "आमच्याकडे एव्हाना पंगती उठतात," त्या कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाल्या. बहिणीचा चेहरा पांढरा पडला.

आणि गेटवर गलका झाला. पाहते तर माणसंच माणसं. बाया, गडी, कडेवर लेकरं... आणि प्रत्येकाच्या हातात तांब्या. आमच्याकडं गावजेवणाला जाताना पाणी प्यायला आपापला तांब्या नेतात. तो तांब्या पाहिला आणि मला दोरापलीकडची ती म्हातारी आठवली.

पुढं एक म्हातारबुवा होते, धुतलेलं धोतर नेसून आलेले. मॅनेजर त्यांना हाकलत होता. ते शांतपणे म्हणाले, "भीक मांगाले नाई आलो, साहेब. इचाराले आलो. आमी सावळदऱ्याचे. आमचं गाव या पाण्यात गेलं, आमाले वर माळावर बसवलं. सकाळपासून साऱ्या गावात एक चूल पेटून नाई राह्यली. लेकरं उपाशी आहेत. बाया म्हने, चुली बंद आहेत म्हणजे कोनाचं तरी चूलबंद आवतन असन. इकडून भोंगा ऐकू आला... म्हटलं, इचारून पाहावं. कोनं देल्लं होतं काय आमाले आवतन?"

"ही कोण माणसं?" विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "यांना बोलावलंय कुणी?"

भाऊजी 'नाही' म्हणून मान हलवायला लागले. बहीण माझ्याकडं पाहत होती. आणि मी — जिचं तोंड चालते म्हणून जिला पाठवलं होतं — ती मी हातातल्या बांगड्या मोजल्यासारखं करत खाली पाहत उभी राहिले. त्या म्हाताऱ्याच्या नजरेला नजर द्यायची हिंमत झाली नाही. मनात एकच, हो म्हटलं तर पमीचं लग्न मोडलं.

"मावशीनं देल्लं."

पमी पाटावरून उठली होती. शालू सावरत, सासरच्या साऱ्या माणसांसमोर, ठसक्यात. "चूलबंद देल्लं. कुंकू लावून. मी होते तिथं." आणि मॅनेजरला म्हणाली, "गेट उघडा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं, ते तेव्हा. ज्या पोरीचं लग्न वाचवायला मी गप्प बसले, त्या पोरीनंच ते पणाला लावून माझा शब्द उचलला. विहीणबाईंचा चेहरा मी पाहिलाच नाही. कोयरी घेऊन गेटकडं गेले आणि पहिल्या बाईला खाली मान घालूनच कुंकू लावलं.

म्हातारबुवांनी हळूच विचारलं, "आमच्यातलं कोन भेटलं होतं तुमाले?"

मी सांगितलं. हिरवं लुगडं, घोटाभर पाणी, पुसट कुंकू. मागच्या बाया पुढं सरकल्या.

"पदराले गाठ मारली?"

"हो."

त्यांनी पाण्याकडं हात केला, तिनं केला होता अगदी तसा. "वेशीवरची माय आमची. जुन्या गावात कोनाचंबी आवतन आलं का पहिलं कुंकू तिच्या दगडाले लागे. पाणी आलं तवा आमी ढोरं काढली, दारं-खिडक्या काढल्या... तिले सांगतलंबी नाई, का चाललो म्हून." आणि एवढा मोठा माणूस, माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. आम्ही दोघंही तसेच उभे होतो.

ते सगळे वाळूत रांगा धरून बसले. शेवटचं लेकरू टेकलं असेल नसेल, आतून नामदेवची आरोळी आली, "पेटली! काकू, पेटली!" कुणी पेटवली, कशी पेटली, त्यालाही सांगता आलं नाही.

जेवण पुरणार कुठून? वरणात पाणी ओतलं, भाजी चमच्यानं वाढली, गोड तर नुसतं दाखवण्यापुरतं. नवरा मुलगा बूट काढून रांगेच्या टोकाला जाऊन बसला आणि ते पाणचट वरण दोनदा मागून जेवला. विहीणबाई डोकं दुखतं म्हणून छत्रीखालीच राहिल्या. लग्न मोडलं नाही, पण त्या अजूनही चारचौघांत सांगतात, 'आमच्या मुलाच्या साक्षगंधाला पाणी वाढलं यांनी'. मी ऐकून घेते.

कारणं सगळी शोधून झाली. सरपण ओलं होतं म्हणावं, तर स्टोव्हचं काय? धरणाचा वारा म्हणावा, तर तो वर माळावर कसा पोचणार? म्हातारी कुणी वेडी बाई असेल म्हणावं, पण मग चुली? पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा सावळदऱ्याच्या लोकांनी तो दगड वाजतगाजत माळावर आणला. मला मुद्दाम माणूस पाठवून बोलावलं होतं, चूलबंद. मी घर बंद करून आत बसून राहिले, कारण कोणत्या तोंडानं जायचं?

या वर्षी माझ्या मुलाचं लग्न निघालं. आवतन द्यायला नागपूरला पमीकडं गेले. आता तिला दोन लेकरं आहेत, संसार छान चाललाय. तिनं पाट मांडला, वाकून कुंकू लावून घेतलं, पदरात अक्षता घेतल्या. मी म्हटलं, "चूलबंद आवतन आहे, पमे. सगळ्यांनी यायचं."

तिनं पदराला गाठ मारता मारता वर पाहिलं आणि हसत विचारलं, "मावशी, खरोखरचं आहे न? का तोंडदेखलं?"

ती गंमत करत होती. मला हसता आलं नाही.