शेंदूर न चालणारा देव

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मांजरसुंब्याच्या अलीकडं हमरस्त्याला लागून एका विधवा बाईचं रान होतं. एका पुढाऱ्याला ते ढाब्यासाठी हवं होतं, बाई काही केल्या विकेना. मग एके दिवशी त्याच रानात देव निघाला.

काळे पडदे लावलेल्या पत्र्याच्या खोलीत एक दगड हिरवा उजळायचा. रांगा लागल्या, मंडप पडला. जागा आता देवाची, असं पुढाऱ्यानं जाहीर केलं आणि बाईला औत घालायला बंदी केली.

"देवाचं काम हाय, मावशी," म्हणून माझ्या अंमलदारानं तिला वाटेला लावलं होतं. ती तडक माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली.

"साहेब, ह्या देवाला शेंदूर चालत न्हाई म्हणं. कावून? आख्ख्या शिवारात बिनशेंदराचा दगडाचा देव दाखवा मला!"

खरंच की! आमच्याकडं दगड उभा केला की आधी शेंदूर येतो, नाव नंतर ठरतं.

साध्या वेशातला एक हवालदार दर्शनाला पाठवला. त्यानं खबर आणली, की तिथला भगत रोज सकाळी दगड उन्हात ठेवतो आणि त्याला सूर्यस्नान म्हणतो. दगडावर काहीतरी लावलंय, याची माझी खात्री पटली. पंचांसमक्ष पंचनामा केला, दगड जप्त केला आणि वरचा थर खरवडून नमुना प्रयोगशाळेला पाठवला. दगड मुद्देमालाच्या अंधाऱ्या खोलीत कुलूपबंद.

पुढाऱ्याचा फोन आलाच. "देवाला कोठडीत टाकता? वर्दी उतरवीन!"

"उतरवा. पंचनामा झालाय, तो काही उतरत नाही," म्हटलं आणि फोन ठेवला.

भगत चौकशीत आधी अंगात आल्यासारखा घुमायला लागला. मी चहा मागवला आणि पीत बसलो. घुमून घुमून दमला, तेव्हा अहवाल पुढं ठेवला. दगडावर स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा लेप होता. त्यात युरोपियम आणि डिस्प्रोसियम या दुर्मिळ धातूंचा किंचित अंश. उजेड पिऊन घ्यायचा आणि अंधारात सोडत राहायचा, एवढंच त्या लेपाचं काम. इमारतींच्या जिन्यात अंधारात चमकणाऱ्या पाट्यांना तोच लावतात, आणि हा गडी पुण्यात तसल्याच कारखान्यात होता.

"शेंदूर लावला असता तर सगळं झाकलं गेलं असतं, साहेब," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. कुणी करायला सांगितलं, तेही ओकला.

भर दुपारी गावातली जाणती माणसं ठाण्यात बोलावली. मुद्देमालाच्या खोलीत दगड ठार काळा. तोच दगड आवारात उन्हात ठेवला, थोड्या वेळानं आत नेला, तर हिरवागार!

"आयला, फसवलं की बे आपल्याला!" एक म्हातारा म्हणाला.

फसवणूक आणि जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. आरोपपत्रात पुढाऱ्याचंही नाव घातलं. नको घालू म्हणणारे वरपर्यंत होते. घातलं!

पण मंडप काढायला एकही मजूर पुढं येईना. सगळं डोळ्यांनी पाहिलेली माणसंसुद्धा बांधावर हाताची घडी घालून उभी. त्या दिवशी मला कळलं, की लबाडी उघडी पाडणं सोपं असतं. माणसाच्या पोटातलं भय पंचनाम्यानं जात नाही, कुणीतरी आधी हात घालावा लागतो.

बाईनं पदर खोचला. "कोपायचं आसंल तर माज्यावर कोपू दे!" म्हणाली आणि पहिला बांबू उपटला.

दुसरा मी उपटला, वर्दीत, सगळ्यांच्या देखत.