मास्तरांनी मला विचारलं नाही

शांतवन मास्तर गेल्याची बातमी मला बाभुळगावच्या बैलबाजारात कळली, तीही माती झाल्यावर. माझा हात तेव्हा दुपट्ट्याखाली एका शेतकऱ्याच्या हातात होता. आम्हा बैलांच्या दलालांच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. भोवती उभ्या असलेल्या माणसांना काही कळत नाही आणि सौदा होऊन जातो. त्या शेतकऱ्यानं माझी बोटं धरली आणि सहज म्हणाला, "तुमचे ते येशूवाले मास्तर वारले म्हंते. काल माती झाली." मी बोटं सोडली नाहीत. सौदा पुरा केला, बैलाची दोरी त्याच्या हातात दिली आणि मग दावणीपाशी खाली बसलो. यवतमाळहून रोज मोटार येते. ड्रायव्हरजवळ एक निरोप दिला असता तरी मी पोचलो असतो. नंतर मी त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांना तसं तोंडावर विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "आपल्या सगळ्या मंडळींना कळवलं होतं, गणपतराव." त्या 'आपल्या' शब्दात मी बसत नव्हतो. मी तिथं आवाज चढवला, लोक जमले, आणि त्याचा उपयोग काहीच झाला नाही. माती तर पडून गेली होती.

मास्तर शाळेचे मास्तर नव्हते. मिशनचे प्रचारक होते, पण अंगात कोट, हातात छत्री आणि बोलणं सावकाश, म्हणून लोक मास्तर म्हणत. त्यांच्या आज्यानं कधीकाळी बाप्तिस्मा घेतला होता. त्याआधी त्यांचं घराणंही आमच्याच महार जातीचं. यवतमाळहून सायकलवर निघायचे आणि गावोगावचे बाजार करायचे. भाषण कधी दिलं नाही, पेटी वाजवून गाणी म्हटली नाहीत. माणूस बसलेला दिसला की शेजारी बसायचं. कापसाची पऱ्हाटी कशी आहे, पोराचा ताप उतरला काय, सोयरीक जमली काय, असं बोलता बोलता एक वेळ यायची... मग म्हणायचे, "एक गोष्ट सांगू काय?" गोष्ट सुरू झाली की त्यांची आमच्यासारखी वऱ्हाडी बोली निघून जायची आणि भाषा पुस्तकासारखी व्हायची. सगळ्या बाजाराला हे पाठ होतं. कोणी चहावाला लांबूनच ओरडायचा, "मास्तर, पोराचा ताप उतरला हो, आता गोष्ट सांगून टाका." मास्तर हसायचे आणि खरंच सांगायचे.

आमची ओळख कशी झाली ते सांगतो. छप्पनच्या आधीची गोष्ट. महाराच्या पोरानं बैलांची दलाली करावी हेच मुळात लोकांना खटकायचं. बापानं मला काही ठेवलं नाही. मी दुसऱ्यांची गुरं हाकत हाकत दात पाहायला शिकलो, चाल पाहायला शिकलो, आणि एक दिवस स्वतःचा दुपट्टा खांद्यावर टाकून उभा राहिलो. बैल माझ्याकडचे चांगले असत, म्हणून घेणारे येत. पण सौद्याची वेळ आली की काही जण हात मागं घेत. त्या दिवशी एका पाटलानं जोडी पसंत केली आणि म्हणाला, "हात गित नाही. तोंडानं सांग काय घेतं ते." तोंडानं भाव सांगितला की बाजार ऐकतो आणि दलाल मरतो. मी म्हटलं, "हात द्या, नाहीतर वाट धरा." शब्दावर शब्द वाढला, त्यानं शिवी दिली, मी दुप्पट दिली, जोडी तशीच उभी राहिली. लोक पांगले. कोट घातलेला एक माणूस तेवढा थांबला. जवळ येऊन म्हणाला, "मले दाखवता काय, कसं करता हे?" आणि माझ्या दुपट्ट्याखाली हात घातला. मी त्याला बोटं शिकवली. शिकला नाही तो. कधी बोटं जास्त धरायचा, कधी भाव तोंडानंच बोलून टाकायचा. मी चिडलो की म्हणायचा, "आता नाही बोलत, पुन्हा धरा." त्या दिवसापासून बाजार उठला की मास्तर माझ्याकडे येऊन बसू लागले.

मग वर्षांमागून वर्षं गेली आणि माझ्या एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. मास्तरांनी मला कधी गोष्ट सांगितली नाही. माझ्याजवळ बसत, बैलांचं बोलत, माझ्या भांडणांच्या हकिकती ऐकत. भाषा शेवटपर्यंत वऱ्हाडीच राहायची. आधी मला बरं वाटलं. मग एक दिवस माझी बायको सरजा म्हणाली, "मास्तरनं मले येशूनं पाणी मागितलं त्या विहिरीवरच्या बाईची गोष्ट सांगितली. लय चांगली हाये. तुमाले नाही सांगितली?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "तुमाले सांगून कायचा फायदा म्हणा." ती हसली, पण त्या दिवसापासून मास्तर कोणाकोणाला सांगतात ते मी पाहू लागलो. पुढं पाहिलं तर किसन्या दलालालाही मास्तर सांगत होते. हा किसन्या म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याला तरणा करून विकणारा. त्याच्या शेजारी मास्तर तासभर बसत, आणि तो चिवडा खात मान हलवी. बाजारात कोणी भाव पाडून मागितला तर मालकाला राग येतो, पण तो राग निवतो. सकाळपासून उभ्या असलेल्या बैलाच्या पाठीवर कोणी हातसुद्धा ठेवला नाही, तर तो बैल घरी नेताना मालक गावातून जात नाही, बाहेरच्या वाटेनं जातो. माझं तसं झालं होतं.

छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला. आम्ही नागपूरला गेलतो, पांढरे कपडे घालून, बायकापोरांसकट. परत आल्यावर घरातले देव काढून नदीत सोडले. माझी मान त्या दिवसापासून जी ताठ झाली ती आजवर खाली आलेली नाही, आणि येणार नाही. पुढच्या बाजाराला मास्तर आले. वस्तीत त्यांनी किती वर्षं घातली होती. आजाऱ्याला गाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं, लोकांच्या अर्ज-चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या, आणि एक-दोन घरं तर बाप्तिस्म्याच्या अगदी काठावर आली होती. तीही आमच्याबरोबर नागपूरला आलती. मास्तर घरोघर गेले, सगळ्यांना नमस्कार केला, कोणी "जय भीम" म्हटलं तर हात जोडून "जय भीम" म्हणाले. मग माझ्याकडे येऊन बसले. म्हणाले, "चांगलं झालं, गणपतभाऊ. माणसं सरळ चालून राह्यली." मी चहा दिला. एक घोट घेऊन म्हणाले, "मी एकेकाले हाक मारत होतो इतकी वर्षं... अन् सारे एका दिवसात उठून गेले." मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही किरकोळ विकत होते. हा ठोक सौदा झाला." ते हसले. खूप हसले, आणि हसता हसता चहा कोटावर सांडला. तो पुसायचं मात्र त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

त्यानंतरही ते येत राहिले. गोष्टी सांगत राहिले, पण ऐकणारे बदलले. आमचे लोक आदरानं उठून बसायला जागा द्यायचे आणि म्हणायचे, "मास्तर, आमचं झालं आता." शेतकरी म्हणायचे, "देव बरा हाये तुमचा, पण पोरगी कोणाच्या घरी देऊ?" मास्तरांची तर स्वतःचीच पोरगी घरात होती आणि सोयरीक जमत नव्हती.

एका उन्हाळ्यात मी मुकुटबनकडे खरेदीला निघालो तेव्हा मास्तर म्हणाले, मीही येतो. मुकुटबनच्या पुढं झरीच्या बाजूला कोलाम आदिवासींच्या एका गावात आम्ही सावलीला थांबलो. मास्तर एका म्हाताऱ्याजवळ बसले. मोहाचं, पाण्याचं, जंगलातल्या शिपायाच्या त्रासाचं बोलणं झालं आणि मग गोष्ट निघाली. म्हाताऱ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. खिळे ठोकले तिथं तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांचा आवाज कापायला लागला. मला वाटलं, झालं, आज एक माणूस मिळाला यांना. म्हाताऱ्यानं विचारलं, "तो कोन्या गावचा होता?" मास्तरांनी सांगितलं, फार लांबचा, समुद्रापलीकडचा. म्हातारा सुटकेचा श्वास टाकून म्हणाला, "बरं झालं. आमच्या शिवारात मारला असता तर त्याचं पाप आमच्या गावाले लागलं असतं." आणि उठून त्यानं आम्हाला पाणी आणून दिलं.

परतीच्या वाटेवर मी बैल हाकत होतो, मास्तर मागून चालत होते. कोस-दीड कोस चाललो असू. मग माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "मास्तर, त्या म्हाताऱ्याले सांगितलं. किसन्यासारख्या चोराले सांगता. माह्या बायकोले सांगितलं. मले काहून नाही?"

ते म्हणाले, "तुमाले सांगाले जमत नाही."

"काहून? मी का माणूस नाही?"

"तुम्ही भाव कराल."

"करीनच. घ्याचं नसलं तरी करीन. मंग?"

ते चालायचे थांबले. त्यांनी छत्री उघडली आणि पुन्हा मिटली. म्हणाले, "पुढच्या खेपेले सांगतो." मी म्हटलं, "शब्द झाला." ते म्हणाले, "झाला."

ती खेप आली नाही. मी मात्र वाट पाहिली, अगदी तयारी करून. माझं उत्तर ठरलेलं होतं. मी म्हणणार होतो, मास्तर, मी माझा रस्ता धरला आहे, तुमचा मले नको. हे मला आजही तितकंच पक्कं ठाऊक आहे. पण विचारल्याशिवाय नाही तरी कसं म्हणावं... बाजारामागून बाजार गेले. मास्तर येत, बसत, बैलांचं बोलत. मी मुद्दाम गप्प बसून त्यांना जागा करून देई. ते तोंड उघडत, आणि पावसाचं काहीतरी बोलत. मग मिशनच्या साहेबलोकांनी हिशेब मागितला, की इतक्या वर्षांत तुम्ही माणसं किती आणली. आणलं कोणालाच नव्हतं. त्यांना प्रचाराच्या कामावरून काढून देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवाराची देखरेख दिली आणि सायकल परत घेतली. मी त्यासाठीही बंगल्यावर जाऊन भांडलो. त्यांनी मला चहा दिला, सायकल दिली नाही. त्यानंतर मास्तर मोटारीनं येत, तेही कधीमधी. छाती भरलेली असायची. यंदा पोळ्याच्या बाजाराला आले नाहीत, तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं.

माती झाल्यावर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. मास्तरीणबाई एकट्या होत्या. पोरगी अजून बिनलग्नाची, दवाखान्यात कामाला गेली होती. बाईंनी चहा टाकला. मी धंद्याचा माणूस, मला आडून बोलता येत नाही. मी विचारलं, "बाई, मास्तरांनी साऱ्या जगाले सांगितलं. मलेच काहून नाही विचारलं?"

त्या चुलीजवळच बसून राहिल्या. म्हणाल्या, "मीही म्हटलं होतं त्यांना, गणपतभाऊंना सांगा ना. तर म्हणाले, बाकीचे नाही म्हणतात तर मी पुढच्याजवळ जाऊन बसतो. गणपतनं नाही म्हटलं तर मले बाजारात बसाले जागा राहणार नाही."

मला रागच आला. इतकी वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसला, त्यानं दर बाजाराला माझे सौदे मोडताना पाहिले, आणि मोडलेल्या सौद्याचा माणूस पुढच्या बाजाराला पुन्हा माझ्याकडेच येतो हे त्याला दिसलं नाही. मी म्हटलं, "तर मंग तुम्ही सांगा. जे ते सांगणार होते ते."

"मला त्यांच्यासारखं येत नाही, भाऊ."

"जसं येते तसं सांगा."

त्यांनी सांगितली गोष्ट. थोडक्यात, अडखळत, मधेच चहा उतू जाईल म्हणून उठल्या आणि पुन्हा बसल्या. शेवटी पदर सावरून म्हणाल्या, "पटते काय?"

मी म्हटलं, "नाही, बाई."

त्यांनी मान हलवली. माझ्या कपात चहा ओतला, साखर बरोबर आहे काय विचारलं, आणि म्हणाल्या, "पोरीसाठी एखादं स्थळ कानावर आलं तर पाहा. अन् यवतमाळला आले की येत जा." मी बरं म्हटलं आणि चहा प्यालो. एवढंच झालं. एवढ्याला मास्तर जन्मभर भ्याले, आणि हे दाखवायला मास्तर आता नाहीत.

त्यांची खुर्ची तिथंच आहे, दाराकडे तोंड करून ठेवलेली. शेवटी शेवटी चालणं बंद झालं होतं, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्याला बसल्या जागेवरून हाक मारता यावी म्हणून त्यांनी ती तशी लावून घेतली होती. बाईंनी ती फिरवलेली नाही. मी उठताना तिच्यात क्षणभर बसून पाहिलं. रस्ता चांगला दिसतो. कापसाच्या गाड्या, शाळेची पोरं, दवाखान्यातून परतणारे लोक... पुष्कळ माणसं जात होती. कोणी आत पाहत नव्हतं.