सोवळ्यातली शेगडी

महालक्ष्म्यांचा नैवेद्य आमच्या देवासच्या घरी अजून कोळशाच्या शेगडीवर होतो. ती शेगडी सांभाळायच्या काकू. खालचं दार बोटभर उघडं, पंख्याचे चार वारे, की निखारा पुरणाला हवा तेवढाच तापायचा. मी कारखान्यात बॉयलरवर आहे. इंधनाला हवा किती सोडायची, हेच माझं रोजचं काम. समोर मीटर असून चुकतो. काकूंचं पुरण कधी खाली लागलं नाही. सोवळ्याच्या खोलीचं दार त्या लावून घेत, पण खिडकी सताड उघडी ठेवत. म्हणायच्या, कोळशाला वारा मिळाला नाही तर तो आपला श्वास खातो.

सहा वर्षांपूर्वी नैवेद्याच्या दिवशी वारा सुटला होता. राख पुरणात उडेल म्हणून मी अंगणातून ती खिडकी ओढून घेतली. काकूंची खिडकीकडे पाठ होती. निखारे लाल, धूर नाही. मला बरंच वाटलं.

अर्ध्या तासाने आत भांडं पडलं. दार ढकललं तर काकू जमिनीवर. मी ओवळ्यातला, उंबऱ्यावर थबकलो. वहिनीने धावत जाऊन त्यांना ओढत बाहेर आणलं. वाऱ्यावर त्यांनी डोळे उघडले. तेवढ्यात मी जाऊन खिडकी उघडून आलो, गुपचूप.

सगळे म्हणाले, वय झालं, उपास झेपत नाही. डॉक्टरांनीही उपासाचंच विचारलं. कमी हवेत जळणारा कोळसा कसला विषारी वायू सोडतो, हे त्या घरात मलाच नीट ठाऊक होतं. बोललो नाही. पुढच्या वर्षीपासून शेगडी वहिनीकडे गेली. काकू ओसरीवर विडे लावत बसायच्या. पुरण करपलं तरी आवडीने खायच्या. मला मात्र ते गिळवत नसे.

यंदा नैवेद्याच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर खिडकीचं सांगून टाकलं.

वहिनी म्हणाली, "भावजी, इतके साल तुम्ही चुप बसलात?"

काकूंनी हातातलं पान खाली ठेवलं.

"म्हणजे माझ्यात काही खोट नव्हती?"

"नव्हती, काकू."

"मग उद्या शेगडी मी पेटवते." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, वहिनीला कोळसे काढून ठेवायला सांगितलं, आणि दारातून माझ्याकडे वळल्या. "तू उद्या अंगणात फिरकायचं नाहीस."