धुराची खोली

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर कोल्ड स्टोरेजची दारं बसवत आले. बटाटे, सफरचंदं, मासे, औषधं, जे जे थंड ठेवावं लागतं ते ज्या खोलीत ठेवतात, त्या खोलीचं दार. तुम्ही म्हणाल, दार बसवण्यात एवढं काय? मीही एकदा तसं बोलून गेले, तर त्यांनी जेवण उरकेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. भिंती कुणीही उभ्या करतं, असं त्यांचं म्हणणं. थंडी पळते ती दारातून. दाराच्या कडेची रबराची पट्टी केसभर वाकडी लागली की तिथून हवा शिरते, पाणी सुटतं, पाण्याचा बर्फ होतो आणि मग ते दार मेलं तरी लागत नाही. भावोजींनी बसवलेल्या दारात कागद अडकला तर तो ओढून फाटायचा, पण निघायचा नाही.

ही खोड त्यांनी घरीही आणली. दारात कुणी जरा रेंगाळलं की खुर्चीतूनच विचारायचे, "आत की बाहेर?" पाहुणा असो, पोस्टमन असो, शेजाऱ्यांचं मांजर असो. मी त्यांची एकुलती एक मेहुणी, पण मलाही सूट नव्हती. मग मीही मुद्दाम उंबऱ्यावर उभी राहून बुटाच्या नाड्या सोडत बसायची.

"आत की बाहेर?"

"अजून ठरलं नाही, भावोजी."

"लवकर ठरव. घर तापवायला पैसे पडतात."

दुसरी खोड सिगारची. पहिलं मोठं काम पुरं झालं तेव्हा मालकाने खूश होऊन त्यांना एक सिगार दिली होती. तेव्हापासून प्रत्येक काम संपलं की एक, असा शिरस्ता पडला. काम संपल्याची सिगार होती ती. पुढे निवृत्त झाले, काम कायमचं संपलं, तशी ती रोजची झाली. जेवण झालं की बैठकीत पाय पसरून, पितळी ॲशट्रे मांडीवर घेऊन ओढायचे. ताई कुरकुरायची, खिडकी उघडायची. ते म्हणायचे, थंडी येते. ती म्हणायची, येऊ दे. चाळीस वर्षांचा संसार झाल्यावर नवरा-बायकोत बोलायला एवढंच उरतं, असं मी तरी समजत होते.

त्यांना एकच मुलगी. माझी भाची दूरच्या शहरात असते. तिला उशिरा मुलगा झाला आणि तो चालायला लागला तरी आजोबांनी त्याला पाहिला होता तो फक्त फोनवर. बाप-लेकीत बोलणं फार नव्हतं. त्याला कारण होतं आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या घरात ते कुणी तोंडावर आणत नसे. भाची आईला फोन करायची, शेवटी "बाबा कसे आहेत?" विचारायची, आणि ताई "बरे आहेत" म्हणायची. भावोजी शेजारीच बसलेले असायचे.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी मात्र म्हातारा हट्टाला पेटला. नातू यंदा आलाच पाहिजे. का येत नाही? रोज सकाळी तेच. आणि एक दिवस ताई कंटाळून म्हणाली, "तुमच्या धुरामुळे. पोराची छाती नाजूक आहे म्हणे. घरभर सिगारचा वास, त्यात कसं आणायचं तिने?"

दुसरा कुणी असता तर त्याने सिगार सोडली असती, नाहीतर तो रुसून बसला असता. भावोजी उठले, कपाटातून मोजायची टेप काढली आणि मागच्या अंगणात गेले.

मागे भिंतीला टेकून एक पत्र्याची पडवी होती. पूर्वी तिथे सरपण असायचं, आता मोडक्या खुर्च्या नि रंगाचे रिकामे डबे. ते सगळं त्यांनी बाहेर काढलं. जुन्या ओळखीच्या एका गोदामातून फोमचे उरलेसुरले तक्ते आणले, ते तिन्ही बाजूंनी आणि छताला ठोकले. आणि दार. दाराचं काय सांगू? लोक देवघराला करत नाहीत असं दार त्यांनी त्या पडवीला केलं. रबराची पट्टी चारही कडांना गुळगुळीत, मूठ दाबली की चपक असा आवाज. इतक्या वर्षांनी काम मिळालं म्हणून माणूस शीळ घालत होता. मी माझं दुकान बंद करून येताना ऐकायची आणि मला बरं वाटायचं, हे कबूल करते.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. आत बसून सिगार पेटवली आणि थोड्या वेळाने डोळे लाल, नाकातून पाणी, खोकत खोकत बाहेर आले. जन्मभर हवा कोंडायची सवय, त्यामुळे धुराला बाहेर जायला जागा ठेवायची असते हेच ते विसरले होते. मी इतकी हसले की ताईने मला घरात ओढून नेलं. मग त्यांनी छताजवळ पंखा बसवला. धूर गेला, पण त्याच्याबरोबर ऊबही गेली. अंगावर दोन स्वेटर, कानटोपी, हातमोजे, आणि हातमोज्यात सिगार. "भावोजी, यापेक्षा रस्त्यावर उभे राहा, चार माणसं तरी दिसतील," मी म्हणाले.

ते चिडले नाहीत. पुन्हा डोकं लावलं. जमिनीलगत एक पाइप आत घेतला आणि त्याच्या तोंडासमोर तेलाचा हीटर ठेवला. बाहेरची हवा हीटरच्या अंगावरून तापून आत यायची आणि वर चढताना धूर घेऊन छताजवळून निघून जायची. पंखा अगदी हळू. आता आत कानटोपी-हातमोज्यांशिवाय बसता येत होतं. हीटरने हवा कोरडी पडते आणि सिगारी तडकतात, म्हणून लाकडी डबीत ओल्या स्पंजचा तुकडा ठेवला. खुर्ची लाकडाची, गादी नाही, कारण कापड वास धरतं. शिवाय पहिल्या दाराबाहेर माणूस उभा राहील एवढी जागा सोडून दुसरं दार. दोन दारांच्या मध्ये एक खुंटी आणि हात धुवायला नळ. सिगार ओढताना घालायचा कोट त्या खुंटीवरून कधी घरात यायचा नाही.

एक खिडकीही केली, दुहेरी काचेची. तिच्यातून घराच्या कडेच्या बोळातून रस्त्याकडचं फाटक दिसायचं.

"ही कशाला?" मी विचारलं.

"गाडी आली तर दिसायला नको? विझवायला, हात धुवायला, कोट बदलायला वेळ लागतो."

आता यात माझं काम काय, तर माझं नाक. कोपऱ्यावर माझं कपडे धुण्याचं दुकान आहे आणि माझा जन्म लोकांचे कोट हुंगण्यात गेला. कोण कुठे जेवला, कुणाच्या घरात ओल आहे, कोण बायकोपासून काय लपवतो, ते मला कॉलरवरून कळतं. भावोजी रोज सिगार ओढून, हात-तोंड धुऊन, घरातला सदरा चढवून माझ्यासमोर उभे राहायचे. "हुंग." मी हुंगायची. "बाहीला आहे." ते गप मागे जायचे, कुठे काय चुकलं ते बघायचे. दरम्यान मी बैठकीतले सगळे पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरं दुकानात नेऊन धुतली. चाळीस वर्षांचा धूर होता तो. पहिल्या पाण्याला चहाचा रंग आला. भिंतींना त्यांनी स्वतः रंग दिला. आणि एके दिवशी मी त्यांच्या सदऱ्याला नाक लावलं तर फक्त साबणाचा वास आला.

"नाही," मी म्हणाले.

"नीट बघ."

"भावोजी, नाही म्हणजे नाही. माझ्या पोटावर पाय देऊ नका."

म्हातारा हसला. ते दात दाखवून हसलेले मी त्याआधी कधी पाहिले होते, आठवत नाही. ताई मात्र आत भांडी आवरत होती आणि ती बाहेर आली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी आपली उत्साहात.

दुसऱ्या दिवशी दुकानातून मीच भाचीला फोन लावला. म्हटलं, आपण आनंदाची बातमी द्यावी. सगळं सांगितलं. खोली, पाइप, दोन दारं, खुंटी, पडदे. "आता पोराला घेऊन बिनधास्त ये. वासाचं नाव नाही घरात."

ती म्हणाली, "कसला वास, मावशी?"

मी इस्त्री खाली ठेवली.

"सिगारचा. तूच म्हणालीस ना, पोराच्या छातीला..."

"त्याची छाती चांगली ठणठणीत आहे. मी असं कधी म्हटलं नाही." मग हळूच म्हणाली, "वासाचं काही नाही गं. खरं सांगू? बाबांचं तेवढंच मला आवडायचं."

मी विचारलं, मग येशील का? ती म्हणाली, "नाही, मावशी." रागाने नाही. गिऱ्हाईक विचारतं, डाग जाईल का, आणि आपल्याला ठाऊक असतं की जाणार नाही, तेव्हा मी ज्या आवाजात सांगते, तसं.

आता ते कारण सांगायलाच हवं. भाचीचं पहिलं लग्न झालं होतं तेव्हाची गोष्ट. असाच हिवाळा होता. एका दुपारी ती बॅग घेऊन बापाच्या दारात येऊन उभी राहिली. गालावर वळ होता. पाय उचलेना, तोंड उघडेना. आणि भावोजी सवयीप्रमाणे खुर्चीतून म्हणाले, "आत की बाहेर?" तेवढं मी माफ केलं असतं, ती त्यांची जिभेची खोड. पण चहा झाल्यावर त्यांनी तिची बॅग उचलली आणि कंपनीच्या गाडीत घालून तिला स्वतः सासरी परत सोडून आले. कुठलंही दार समजुतीने बसतं, थोडं घासावं लागतं, असं वाटेत तिला सांगत होते म्हणे. त्यानंतर ती तिथे दोन वर्षं राहिली. त्या दोन वर्षांत तिचा डावा कान गेला. मग ती एकटीच निघाली, पण आमच्याकडे आली नाही. दूर गेली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, पुन्हा लग्न केलं. हा दुसरा नवरा भला माणूस आहे. ती फोन उजव्या कानाला लावते.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. संध्याकाळी मी तणतणत ताईकडे गेले. भावोजी मागे त्यांच्या खोलीत होते, खिडकीत उजेड दिसत होता. मी स्वयंपाकघराचं दार लोटून ताईला फैलावर घेतलं. "का खोटं बोललीस? त्या माणसाने अख्खा हिवाळा घालवला. मी पडदे धुतले. कशासाठी?"

ताई ओट्याला टेकून उभी राहिली. "मग काय सांगू? तुमचं तोंड बघायचं नाही तिला, असं सांगू? रोज सकाळी विचारत होते गं. रोज. मला वाटलं, सिगार काही ते सोडायचे नाहीत. म्हणजे दोष सिगारवर राहील आणि प्रश्न मिटेल. ते असं काही बांधतील, हे माझ्या स्वप्नात तरी आलं असतं का?"

माझा राग तिथेच जिरला. ती मुलगी तिचीही होतीच. मी तिला भाचीचं ते वासाबद्दलचं बोलणं सांगितलं, बाबांचं तेवढंच आवडायचं ते. ताईने पदर तोंडाला लावला.

मागचं दार उघडल्याचा आवाज आम्हाला आला नव्हता. त्यांची दारं वाजत नाहीत. भावोजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे होते, घरातला सदरा घालून, हात धुऊन. किती ऐकलं कोण जाणे.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?" ताईने विचारलं.

"धुराचं नाही ते."

"मग बांधलीत कशाला?" हे मी विचारलं. मला राहवलं नाही.

त्यांनी दाराच्या चौकटीवरून अंगठा फिरवला, फट बघायला फिरवतात तसा. "धुराचं मला करता येण्यासारखं होतं," ते म्हणाले. "त्या दुसऱ्या गोष्टीचं काय करायचं, मला माहीत नाही."

ते तिथेच उभे राहिले. ना आत, ना मागे. आम्हा दोघींपैकी कुणीही त्यांना 'आत की बाहेर?' विचारणार नव्हतं. मला रडू आलं आणि त्या माणसाचा संतापही आला. दोन्ही एकाच वेळी येऊ शकतं, हे मला त्या दिवशी समजलं.

मग ताई हलली. अंगणात गेली, दोन्ही दारं उघडून त्या खोलीतून पितळी ॲशट्रे आणि लाकडी डबी घेऊन आली. ॲशट्रे धुतला, पुसला, बैठकीत त्यांच्या खुर्चीशेजारी जुन्या जागी ठेवला. नव्या रंगाच्या भिंतीपुढे तो उगाच मोठा दिसत होता.

"या, बसा," ती म्हणाली. "बाहेर गारठा आहे. इथेच ओढा."

भावोजी येऊन बसले. बराच वेळ डबी नुसतीच हातात धरून होते. शेवटी त्यांनी एक सिगार काढली आणि पेटवली. ताईने खिडकी उघडली नाही. धूर वर गेला, छताखाली थांबला आणि मग मी धुतलेल्या पडद्यांकडे सरकला. ते पुन्हा कधी धुवायला नेऊ, हे मी विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलंही नाही.