ती डोंगरात परत शिकवायला गेली

माझ्या हिब्रूच्या वर्गात ती आली तेव्हा बाकी सगळ्यांपेक्षा वयानं मोठी होती. चाळिशी उलटलेली, बुटकी, केस घट्ट बांधलेले. म्यानमारच्या डोंगराळ भागातल्या एका लहानशा बायबल कॉलेजात ती शिकवायची आणि तिच्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, तिला पुढच्या शिक्षणासाठी सिंगापूरला पाठवलं होतं. नवरा पाळक होता. तिकडे सैन्याशी लढाई पेटण्याआधीच तो आजारानं गेला होता. मूलबाळ नव्हतं.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. बायकोच्या बँकेतल्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. ती रोज रॅफल्स प्लेसला जाते आणि मी एका धर्मशास्त्राच्या कॉलेजात शिकवतो. इथल्या मराठी मंडळींना माझं काम समजावून सांगायला जरा वेळ लागतो. "म्हणजे तुम्ही फादर का?" असं विचारतात. "नाही हो, फादर-पाळक होणाऱ्यांना शिकवतो," असं म्हटलं की विषय शाळांच्या ॲडमिशनकडे वळतो.

ती मला "साया" म्हणायची. त्यांच्याकडे सरांना तसंच म्हणतात. पहिल्या सुट्टीत बायकोनं तिला आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. ती पिशवीभर पाला घेऊन आली. इथे त्यांच्या लोकांची दुकानं आहेत, तिथून आणला होता. बायकोनं पिशवीत हात घातला आणि स्वयंपाकघरातूनच ओरडली, "अहो, ही तर अंबाडी!" मग दोघींनी मिळून ती शिजवली, एकीनं कण्या घालून, दुसरीनं सुकी कोळंबी घालून. त्या दिवसापासून ती घरचीच झाली.

तिची धाकटी बहीण बरीच वर्षं सिंगापुरातच होती. पाया लेबारला एका कुटुंबात राहून एका म्हाताऱ्या चिनी आजींचं सगळं करायची. तिला रविवारी सुट्टी असायची. दोघी बहिणी त्यांच्या भाषेतल्या उपासनेला जायच्या आणि दुपारी कधी कधी आमच्याकडे यायच्या. धाकटी फार बोलायची नाही. थोरली बोलत असली की तिच्याकडे बघत राहायची.

थोरलीनं प्रबंधासाठी बायबलमधली, मूळ हिब्रूतली विलापाची स्तोत्रं निवडली. मी वर्गात नेहमी शिकवायचो की विलाप शेवटी आशेकडे वळतो, रडणारा माणूस शेवटी देवाची स्तुती करतो. एकदा ती वर्ग संपल्यावर थांबली.

"साया, सगळी वळत नाहीत. एक तर अंधारातच संपतं."

"एखादं असतं अपवाद म्हणून," मी म्हटलं.

"आमच्या लोकांना तेच लागेल." मग ती खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली. विमानाचा आवाज आला की सगळे जंगलात पळतात. लपून बसल्यावर लहान मुलांच्या तोंडावर हात ठेवतात, आवाज होऊ नये म्हणून. "आता मुलांना सवय लागलीय, साया. पडलं, खरचटलं, तरी रडत नाहीत. मोठी माणसंही नाहीत. प्रार्थनासभेत शांती दे म्हणतात, आमेन म्हणतात, उठून जातात. मला त्यांना मोठ्यानं रडायला शिकवायचंय. त्यानंतर शांतीचं बघू."

प्रबंध तिनं उत्तम लिहिला.

तो पुरा झाला तेव्हा कॉलेजात तिच्यासाठी काम निघण्यासारखं होतं. मीच खटपट केली. प्राचार्य राजी होते. मी दोघी बहिणींना जेवायला बोलावून ते सांगितलं. तिकडे तिचं जुनं कॉलेज जळालं होतं. उरलेले शिक्षक आणि विद्यार्थी सरहद्दीजवळच्या एका छावणीत बांबूच्या झोपड्यांत वर्ग भरवत होते. बहीण म्हणाली, "राहा ना इथे." बायको म्हणाली, "वर्षभर तरी थांब, काय होतंय ते बघ."

तिनं हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "तिथे हिब्रू शिकवणारं कुणी नाही."

लढाईत हिब्रू कुणाला हवंय, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी आयुष्यभर तेच शिकवत आलोय. चांगी विमानतळावर तिला सोडायला आम्ही तिघं गेलो. धाकटीनं तिला औषधांची पिशवी दिली आणि कुठली गोळी कशावर हे पुन्हा पुन्हा सांगत राहिली. थोरली हसून म्हणाली, "मी तुझ्यापेक्षा मोठी आहे, माहितीये ना?"

ती पोचली आणि शिकवायला लागली. टेकडीवर चढलं की तिला फोनची रेंज मिळायची. मग ती मला फोन करायची. बहुतेक वेळा एखाद्या शब्दाचा अर्थ विचारायला. एकदा मात्र खूप अस्वस्थ होती. सैन्यातून पळून आलेला एक माणूस कॉलेजात शिकायला आला होता. ज्या सैन्यानं यांची गावं जाळली, त्याच सैन्यातला. विद्यार्थी म्हणाले, तो वर्गात बसला तर आम्ही बाहेर बसू. आणि खरोखरच बाहेर जाऊन बसले.

"मग तू काय केलंस?"

"दोन्हीकडे ऐकू जाईल अशी दारात उभी राहून शिकवलं."

"आणि?"

"आणि काय, साया. घसा बसला."

काही दिवसांनी पाऊस लागला, तेव्हा बाहेरचे आत आले. पण त्याच्या बाकावर कुणी बसेना. मग ती स्वतः त्याच्या शेजारी बसून पाठ घ्यायला लागली. हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता. विद्यार्थ्यांतल्या एकीच्या भावाला सैन्यानं मारलं होतं. ती मुलगी कॉलेज सोडून गेली. "तिला मी घालवली," ती म्हणाली. "ती बरोबर होती आणि मीही बरोबर होते. शांती शांती म्हणतो आपण, साया, पण ती आणताना कुणाला तरी दुखतंच."

त्यानंतर तिचा फोन बरेच दिवस आला नाही. रेंज नसेल असं मी धरून चाललो.

मग एका दुपारी त्या कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. तिला मलेरिया झाला होता. डोक्यात गेला. जवळचा दवाखाना बंद पडलेला, डॉक्टर केव्हाच निघून गेलेले. विद्यार्थ्यांनी तिला बांबूच्या झोळीत घालून सरहद्दीपलीकडच्या दवाखान्याकडे चालवलं होतं. आळीपाळीनं खांदा देत होते. तो सैन्यातला माणूस, प्राचार्य म्हणाले, खांदा सोडायलाच तयार नव्हता. वाटेतच ती गेली. तिथेच एका गावात माती दिली, कारण परत आणणं धोक्याचं होतं. "तिच्या बहिणीला फोनवर सांगू नका," ते म्हणाले. "तुम्ही समोर जाऊन सांगा."

मी बायकोला ऑफिसात फोन केला. ती तशीच उठून निघाली. पाया लेबार स्टेशनच्या बाहेर आम्ही भेटलो. आजूबाजूला ऑफिसांची जेवणाची सुट्टी संपत आली होती, माणसं इथे पिशवीत बांधून मिळते ती कॉफी हातात झुलवत परतत होती. काय बोलायचं ते आम्ही ठरवायला गेलो आणि काहीच ठरलं नाही.

धाकटीनंच दार उघडलं. पपई कापत होती, हात ओले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

"आज रविवार नाहीये," ती म्हणाली.

बायकोनं तिला जवळ घेतलं. मी सांगितलं. इतकी वर्षं मी पाळक होणाऱ्यांना दुःखी माणसाशी कसं बोलावं ते शिकवत आलोय. माझ्या तोंडून जेमतेम तेवढंच निघालं, की ताप होता, वाटेत गेली, एकटी नव्हती. धाकटी "ओके" म्हणाली. पुन्हा "ओके" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन उरलेली पपई कापायला लागली.

चाकांच्या खुर्चीतल्या आजी हे सगळं बघत होत्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्यांनी बायकोला खुणेनं विचारलं, काय झालं? बायको म्हणाली, "सिस्टर. डेड." आजींनी स्वतःच खुर्ची ढकलत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली आणि आत बघून इथल्या धाटणीच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "यू सिट. सिट, लाह." ती बसेना. तेव्हा आजींनी हात पुढे करून तिच्या हातातली सुरी काढून घेतली, मांडीवर ठेवली आणि तिचं मनगट धरून ठेवलं. मग ती खाली फरशीवर बसली. त्या घरात आम्ही संध्याकाळपर्यंत होतो. आजींची मुलगी कामावरून आली, तिनं धाकटीला आठवडाभर सुट्टी घ्यायला सांगितलं. पण सुट्टी घेऊन ती जाणार कुठे? म्यानमारला घरी गेली तर परत देशाबाहेर पडता येईल याची खात्री नव्हती. तिच्या आईनंच तिकडून फोनवर बजावलं, येऊ नकोस. तू तरी तिथे राहा.

बहिणींच्या इथल्या मंडळीनं रविवारी स्मरणार्थ उपासना ठेवली. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी तिच्या अभ्यासाबद्दल बोललो, दारात उभं राहून शिकवल्याची गोष्ट सांगितली. एकानं भाषांतर केलं. लोक माना हलवत होते. उपासना संपल्यावर धाकटी माझ्याजवळ आली. मला वाटलं, आभार मानेल.

"तुम्ही तिला का थांबवलं नाही, साया?"

"सांगितलं होतं गं. तूही होतीस तेव्हा."

"मी बहीण आहे. माझं ती कधीच ऐकायची नाही. तुमचं ऐकलं असतं."

तसं झालं असतं का, मला माहीत नाही. मी तिला तेच सांगितलं. ती मान खाली घालून उभी राहिली आणि मग चहाचे कप गोळा करायला गेली.

बांबूचं कॉलेज पुढे आणखी एकदा हललं. आता कुठे आहे ते मी विचारत नाही, तेही सांगत नाहीत. तिकडे शांततेच्या बोलण्यांच्या बातम्या येतात आणि मग दुसऱ्या बातम्या येतात. धाकटी अजून आजींकडेच आहे. बरेच महिने ती उपासनेला गेली नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येते, बायकोबरोबर भाजी निवडत बसते, जेवते. थोरलीचा विषय ती काढत नाही, म्हणून आम्हीही काढत नाही. गेल्या महिन्यात मी त्यांच्या मंडळीत शिकवायला गेलो होतो, तेव्हा ती शेवटच्या रांगेत दिसली. गाणी सुरू झाली तशी सगळ्यांबरोबर उठून उभी राहिली. गायली नाही. शेजारच्या बाईनं पुढे केलेलं गाण्यांचं पुस्तक तिनं हातात घेतलं आणि गाणी संपेपर्यंत मिटूनच धरलं.